पूजेला बसलेला फोन

आमच्या सचिव साहेबांइतका फोनवर जीव असलेला आणि फोनमधलं काडीचंही न कळणारा दुसरा माणूस मी पाहिला नाही. कवठे महांकाळच्या पुढं, गावाचं नाव सांगत नाही, आमची पाणी वापर संस्था आहे. कालव्याचं पाणी सभासदांना पाळीपाळीनं वाटून द्यायचं, एवढंच तिचं काम. मी तिथं क्लार्क. माहेर फलटणचं, लग्न होऊन इकडं आले, नवऱ्याचं बाजारपेठेत कापडाचं छोटं दुकान आहे. कार्यालयात बाई मी एकटीच, त्यामुळं सगळे मला मॅडम म्हणतात आणि चहाही मलाच सांगतात.

साहेब एकदा सांगलीला कुठल्यातरी मोठ्या ऑफिसात जाऊन आले आणि तिथला टेबलावरचा फोन त्यांच्या डोळ्यांत भरला. पडदा, दिवे, दोन्ही बाजूंना बटणंच बटणं. तसलाच हवा म्हणून हट्ट धरला. आणला एकदाचा. एक साहेबांच्या केबिनमध्ये, एक माझ्या टेबलावर. जोडायला आलेला माणूस बिचारा तासभर समजावत होता, होल्ड कसं करायचं, कॉल दुसऱ्या फोनवर कसा द्यायचा, तिघांचं बोलणं कसं जोडायचं. साहेब मान हलवत होते आणि फोनबरोबर स्वतःचे फोटो काढून घेत होते. माणूस गेल्यावर मला म्हणाले, "मॅडम, तुमी ध्यान दिलंय न्हवं?"

पुढं त्यांनी दोनच बटणं आपलीशी केली. पहिलं स्पीकरचं. समोर चार माणसं बसलेली असल्याशिवाय साहेबांना फोनवर बोलताच यायचं नाही. कुणा पुढाऱ्याच्या घरून फोन आला की स्पीकर लावायचा, खुर्चीत मागं रेलायचं, आणि समोरच्यांना भुवया उडवून दाखवायचं, ऐका, कोण बोलतंय. बायकोचा फोन आला की मात्र रिसीव्हर कानाला आणि तोंड भिंतीकडं.

दुसरं बटण त्रास नको असं सांगणारं. ते दाबलं की लाल दिवा लागतो आणि फोन वाजतच नाही. साहेबांचा लाल दिवा आल्यापासून जाईपर्यंत लागलेला असायचा. कुणाचा यावासा वाटला तरच विझायचा. तो लागलेला असला की बाहेरचा फोन माझ्याकडं यायचा, मी आत द्यायची आणि तो टाळी वाजवल्यासारखा परत माझ्याच टेबलावर.

आणखी एक बटण त्यांनी मुद्दाम लावून घेतलं होतं. ते चालू असलं की फोन एक रिंग देऊन आपोआप उचलला जातो आणि थेट स्पीकरवर बोलायला लागतो. हिरवा दिवा लागतो त्याचा. शेंगा खाताना हात पुसायला नकोत, हा त्यामागचा विचार. दोन दिवसांत ते बटण कुठलं हेच साहेब विसरले. मला विचारायचं तर कमीपणा वाटत होता, म्हणून ते बंदच राहिलं.

होल्डची तर वेगळीच तऱ्हा. होल्डवर साहेबांनी आरती लावून घेतली होती. लोकांना प्रसन्न वाटतं म्हणे. झालं काय, की आमच्याकडची माणसं आरती मधेच तोडत नाहीत. उन्हात बांधावर उभं राहून, पायात वहाणा असतील तर त्या काढून, माणसं पूर्ण आरती ऐकायची. ती संपली की पुन्हा पहिल्यापासून सुरू. साहेबांना हे कळलं तेव्हा ते खूश झाले. तक्रार करणारा माणूस आरतीत गप्प होतो, हे त्यांच्या लक्षात आलं. एवढंच डोकं शेतीच्या पाण्यात घातलं असतं तर आमच्या भागाचं भलं झालं असतं.

आरती सगळ्यांत जास्त कुणी ऐकली असेल तर शेवटच्या टोकाच्या वहिनींनी. आमचा कालवा जिथं संपतो, तिथं त्यांची द्राक्षबाग. नवरा फौजेत, पोस्टिंग लांब बर्फात कुठंतरी. बाग ह्या एकट्या बघायच्या. त्या वर्षी पाऊस असा काही झालाच नाही, विहिरीनं तळ दाखवला, आणि ऑक्टोबरची छाटणी तर करून झालेली. छाटलेल्या वेलीला कोवळी फूट निघाली होती. आता तिला पाणी मिळालं नाही तर फूट करपणार, घड जाणार आणि आख्खं वर्ष हातचं जाणार. कालव्याची पाळी दसऱ्यालाच संपत होती. वरच्या गावांचं झालं होतं, आता पाणी टोकाला सोडायचं, हक्कानं त्यांचंच होतं. पाटकऱ्याला ऑफिसातून सांगितलं की त्यानं दार उघडायचं, एवढ्यावर काम अडलेलं. सांगायचं कुणी, तर साहेबांनी.

त्या रोज फोन करायच्या. मी आत द्यायची, तो परत यायचा. मग मी उठून केबिनच्या दारात जायची.

"मीटिंगमध्ये हाय म्हणून सांगा."

समोर शेंगांची टरफलं. मी परत येऊन म्हणायची, "वहिनी, साहेब मीटिंगमध्ये नाहीत, शेंगा खातायत. पण मीटिंगमध्ये आहेत असं सांगायला सांगितलंय."

"आसू दे ताई," त्या म्हणायच्या. "तुमी तरी खरं सांगताय. उद्या करते."

त्या आवाजात राग नसायचा, त्याचाच मला राग यायचा. चेअरमनना सांगून पाहिलं. चेअरमन म्हणजे फौजेतून सुभेदार होऊन आलेले म्हातारे गृहस्थ, ताठ कणा, पांढऱ्या मिशा. गावात सगळे त्यांना सुभेदारच म्हणतात. ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बघतील की साहेब." मिशा नुसत्या वाढवायला काय लागतं?

आणि खंडेनवमी आली.

आमच्याकडं खंडेनवमीला ज्याच्या त्याच्या हत्याराची पूजा होते. नांगर, वजनकाटा, ट्रॅक्टर, आता कॉम्प्युटरही. एकदा पूजा मांडली की दुसऱ्या दिवशी दसऱ्याला ती उतरवेपर्यंत त्या वस्तूला हात लावायचा नाही, तिला विसावा. हे मला कुणी शिकवायला नको. फलटणला माझ्या अब्बांचं लेथ मशीनचं दुकान आहे. कामगार खंडेनवमीला मशीनला हार घालतात, आणि त्या दिवशी कितीही अडलेलं गिऱ्हाईक आलं तरी अब्बा मशीन सुरू करत नाहीत. वर्षभर राबते ती, एक दिवस बसू दे, म्हणतात.

साहेबांनी मानाचं हत्यार म्हणून केबिनमधल्या आपल्या फोनलाच बसवलं. पाटावर नवं कापड, त्यावर फोन, झेंडूचा जाड हार, पुढं नारळ. चेअरमन आले, दोन संचालक आले. साहेब सोवळ्यात. हळद झाली, अक्षता झाल्या, आणि मग साहेबांनी कुंकवाचं बोट घेऊन एकेका बटणाला टिळा लावायला सुरुवात केली. एकही सोडलं नाही. अंगठ्यानं दाबून दाबून, मनापासून. प्रत्येक टिळ्याला फोन टुक टुक करत होता.

"साहेब, बटणं दाबली जातायत," मी म्हणाले.

"पूजेत मधी बोलू नये मॅडम."

बरं. नाही बोलले. लाल दिवा विझलेला मी पाहिला, हिरवा लागलेलाही पाहिला. मग हार नीट करताना साहेबांनी तो पडद्यावर ओढून घेतला आणि दिवेही फुलांखाली गेले. नारळ फुटला, मी पेढे वाटायला लागले.

मंडळी टेकली न टेकली तोच फोन वाजला. एकदाच, आणि थांबला.

"बघा," साहेब म्हणाले, "आज उचलायचा न्हाई हे फोनलाबी कळतंय."

सगळे हसले. मी पेढ्याचं ताट घेऊन उभी होते. फुलांच्या आडून थोडासा हिरवा उजेड दिसत होता, निदान मला तरी. पण पूजेत मधे बोलायचं नव्हतं.

साहेब मोकळेपणानं बोलायला लागले. पाळी उद्या संपतीय, टोकाला पाणी पाठवण्यात काही अर्थ नाही, निम्मं वाटेतच मुरतं. त्यापेक्षा चेअरमनच्या शेततळ्यात वळवू, तेवढंच संस्थेच्या माणसाचं भलं. "त्या बाईचं काय एवढं. नवऱ्याचा पगार येतोय म्हैन्याला. बाग वाळली तर वाळली. चार दिवस फोन करंल, आरती ऐकंल, गप बसंल."

एक संचालक फिदीफिदी हसला. चेअरमन पेढा खात होते. म्हणाले, "बघा, तुमाला जमंल तसं."

आणि फुलांमधून आवाज आला.

"सुभेदार सायेब, मी ऐकतीया."

साहेबांनी आधी दाराकडं बघितलं, मग छताकडं. शेवटी पाटाकडं. चेहरा असा झाला की मला वर्षभर पुरेल. झटक्यानं उठले आणि हार बाजूला करायला हात पुढं केला.

"हात लावू नका," चेअरमन म्हणाले. "पूजा हाय." त्यांच्याही तोंडून ते सवयीनंच गेलं असणार, पण गेलं.

साहेबांचा हात तसाच अधांतरी. मग त्यांना मी दिसले. आवाज एकदम मऊ झाला. "मॅडम, तुमच्यात न्हाई न्हवं हे असलं? तुमाला चालतंय. दाबा की ते बंद करायचं."

वर्षभर मी ह्यांच्यातली. पूजेची फुलं आणायची मी, पाट पुसायचा मी, प्रसाद वाटायचा मी. आणि आता बटण दाबायला तुमच्यातली. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. पण आवाज चढवला नाही.

"आमच्यातही पूजेला बसलेल्या मशीनला हात लावत नाहीत, साहेब," मी म्हणाले, "माझ्या अब्बांना विचारा." आणि ताट घेऊन भिंतीला टेकून उभी राहिले.

"कुणी काय बंद करू नका," वहिनींचा आवाज आला. "म्या मालकास्नीबी जोडलंय. त्येनीबी ऐकलंय समदं."

तिघांचं बोलणं जोडायचं. तासभर शिकवूनही आमच्या ऑफिसला जे जमलं नव्हतं, ते त्यांनी बांधावर उभं राहून केलं होतं. बरीच खरखर झाली, वारा लागल्यासारखी, आणि लांबून एक पुरुषी आवाज आला.

"जय हिंद, साब."

चेअरमन उभे राहिले. हातात अर्धा पेढा होता. तो कुठं ठेवायचा ते त्यांना सुचेना.

"जय हिंद," ते म्हणाले.

"साब, मी पोस्टवर हाय. रजा न्हाई गावायची. बागंचं तेवढं बघा." एवढंच. शिवी नाही, आवाज चढवणं नाही. परत खरखर, आणि तो गेला.

चेअरमनना पाझर फुटला असं मी म्हणणार नाही. पाझर फुटायचा तर आधीच फुटला असता, शेततळ्याचं नाव निघालं तेव्हा. ऐकलं गेलं म्हणून उठले, आणि तेही ज्यानं ऐकायला नको त्यानं ऐकलं म्हणून. पण खिशातून मोबाईल काढला त्यांनी, आमच्यासमोर पाटकऱ्याला लावला, आणि टोकाचं दार आत्ताच्या आत्ता उघड म्हणून सांगितलं. साहेब खाली बसले. कपाळाचा घाम पुसताना कुंकवाचं बोट लागलं आणि सगळं कपाळ लाल झालं. सांगावं असं मला वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी दसरा. सोनं द्यायला सभासद ऑफिसात जमले होते. झाल्या प्रकाराची बातमी त्यांना कळलेली होतीच, आणि तरी प्रत्येकजण साहेबांच्या हातात आपट्याची पानं ठेवून पाया पडत होता. "साहेब लय हुशार माणूस," असंही एकजण माझ्यासमोर म्हणाला. ह्या लोकांना काय म्हणायचं, सांगा. पूजा अजून उतरवायची होती. साहेब फोनकडं पाठ करून बसले होते.

फोन एकदा वाजला आणि आपला आपण उचलला गेला.

सगळ्यांच्या माना तिकडं वळल्या. पलीकडून कुणी बोललं नाही. फक्त पाण्याचा आवाज येत होता. कालव्याचं पाणी विहिरीत कोसळत होतं, कोरड्या तळावर पडल्यावर येतो तसा मोठा, घुमणारा आवाज, आणि तो थांबत नव्हता. वहिनींनी मोबाईल विहिरीच्या काठावर ठेवला असणार आणि त्या कामाला लागल्या असणार.

साहेबांनी मान वळवली नाही. मला म्हणाले, "मॅडम, बंद व्हईल का वो हे?"

"होईल की," मी म्हणाले. "पूजा उतरल्यावर."

आणि चहा ठेवायला आत गेले. चहा उकळेपर्यंत पाणी पडतच होतं.