दिवा विझेपर्यंत थांबायचं नाही

पहाटे चार वाजता पैठणजवळच्या आमच्या शेडमधून पिकअप बाहेर काढली तेव्हा मागे हौद्यात अळ्यांचे साठ ट्रे होते आणि पुढे हिंगोलीपर्यंतचा अख्खा रस्ता. एरवी ही फेरी नवरा करतो. पण तो शिडीवरून पडून हात प्लास्टरमध्ये घालून बसला होता, आणि माल काही त्याचा हात जुळून येईपर्यंत थांबणार नव्हता. गाडी मला चालवता येते. हिंगोली जिल्हा मात्र मी त्याआधी एकदाही पाहिला नव्हता.

आमचा धंदा चॉकीचा (अंड्यातून निघालेल्या रेशीमअळ्या दोन काती टाकेपर्यंत सांभाळायच्या आणि मग शेतकऱ्याला द्यायच्या). कात टाकायला बसलेली अळी खात नाही, हलत नाही, मान वर करून गप्प असते. न्यायचं ते याच अवस्थेत. एकदा का ती जागी झाली की तिला ताबडतोब तुतीचा पाला लागतो. माझ्या हिशोबाने ती वेळ दुपारी बाराची होती. त्यात या जातीला ऊन चालत नाही, धूर चालत नाही, तंबाखूचा वासही चालत नाही. इतके नखरे माझ्या सासूबाईंचेही नव्हते.

माल मागवला होता शेवंताबाईंनी. कनेरगाव नाक्याच्या अलीकडे, वाशीम रस्त्याच्या कडेला त्यांचा तांडा आहे. आम्ही फक्त फोनवर बोललो होतो. "बारा वाजायच्या आत आना ताई," त्या म्हणाल्या होत्या. "मागल्या बारीला (खेपेला) दुसऱ्याची गाडी चार तास उशिरा आली. निम्म्या अळ्या ट्रेमधीच मेल्या. या बारीला बी तसंच झालं तर आमचे मालक तुती उपटून हळद लावनार हायेत. सांगून ठेवलंय त्यायनं." हे त्या शांतपणे बोलल्या, पण मला मात्र त्या रात्री झोप लागली नाही.

मी कॉलेजच्या प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत बावीस वर्षं नोकरी केली. काहीही दोनदा तपासल्याशिवाय मला चैन पडत नाही आणि तिसऱ्यांदा तपासल्यावर तर अजिबात पडत नाही. पिकअप आठ महिन्यांची, नवी, बीएस सिक्स. तिच्याबरोबर आलेलं जाडजूड पुस्तक घरात मी एकटीने वाचलंय. कोणतं ऑइल घालायचं ते त्यात स्पष्ट लिहिलं आहे आणि तेच मी घालते. पण घातलेलं तेल इंजिनात टिकलं आहे की नाही हे पुस्तकात कुठे लिहिलेलं असतं? त्यासाठी मी अंबडला थांबले, परतूरला थांबले, मंठ्याला थांबले. प्रत्येक वेळी इंजिन बंद करायचं, दहा मिनिटं वाट बघायची, बॉनेट उघडायचं, तेल मोजायची दांडी पुसून पुन्हा बुडवायची. तेवढ्यात हौद्यातल्या अळ्याही पाहून घ्यायच्या. परतूरला नवऱ्याचा फोन आला. "दांडी किती वेळा बघितलीस?" मी म्हटलं, "एकदाच." त्याचा विश्वास बसला नसावा.

जिंतूर सोडल्यावर रस्ता डोंगरातून वळणं घेत जातो. सोयाबीनची काढणी जोरात होती. बांधाबांधावर मळणीयंत्रं भुसा उडवत होती आणि मी त्या धुळीपासून अळ्या वाचवायला हिरव्या जाळीची टोकं पुन्हा पुन्हा आवळत होते. डोंगर उतरला की हळदीचे मळे सुरू होतात, कर्दळीसारख्या रुंद पानांचे, नजर गार करणारे. मला ते नीट बघायचे होते. पण तेवढ्यात स्टीअरिंगमागच्या काट्यांमध्ये एक पिवळा दिवा लागला.

औंढ्यात शिरताच मी गाडी बाजूला घेतली. देवळाकडे जाणारे भाविक, बेलफुलांच्या टोपल्या, पेढ्यांची दुकानं, आणि मधोमध बॉनेट उघडून उभी असलेली मी. दांडी काढली. तेल कमी झालं नव्हतं. वाढलं होतं! निघताना खुणेवर होतं, आता खुणेच्या बोटभर वर. बावीस वर्षांत मी कोणत्याही बाटलीतलं द्रव आपोआप वाढलेलं पाहिलं नव्हतं.

समोरच ऑइल आणि पार्टचं दुकान होतं. मालक बाहेर आले, दांडी बोटावर टेकवून बघितली.

"तेल वाढलं म्हन्ता? नागनाथाची किरपा म्हना की!" ते हसले. मी हसले नाही हे पाहून त्यांनी सूर बदलला. "पातळ झालंय ताई. नव्या गाड्यायचं तेल असंच, पान्यावानी. हे घट्ट घ्या. समद्या ट्रॅक्टरायला हेच जातंय. लिटरभर वरून वता, इंजिन कसं गप बसंल."

आधीच जास्त असलेल्या तेलात आणखी तेल ओतायचं हे माझ्या डोक्याला पटत नव्हतं. पण घाबरलेल्या माणसाला कोणीतरी ठामपणे काही सांगितलं की बरं वाटतं. मी डबा घेतला. ओतला मात्र नाही. सीटवर शेजारी ठेवला आणि हिंगोलीपर्यंत त्याच्याकडे बघत गेले. सव्वानऊ वाजून गेले होते.

हिंगोलीबाहेर वाशीम रस्त्याला लागताना पिकअपच दुरुस्त करणारं एक गॅरेज दिसलं. गजानन मिस्त्री म्हणून साधारण माझ्याच वयाचे गृहस्थ, गालात तंबाखूचा बार. ते हौद्याकडे वाकायला लागले तशी मी जवळजवळ ओरडले, "आधी ते थुंका आणि हात धुवा! तंबाखूच्या नुसत्या हाताने मरतात त्या."

त्यांनी मुकाट्याने चूळ भरली, साबणाने हात धुतले, गाडी वाऱ्याच्या उलट्या अंगाला लावून घेतली. मग दांडी काढून नाकाशी धरली आणि माझ्यापुढे केली. "वास घ्या."

डिझेलचा वास येत होता.

"सकाळधरनं किती डाव बंद केली गाडी?"

"तेल बघायला... चारपाच वेळा."

"काहून (का)?"

मग त्यांनीच समजावून सांगितलं, न रागावता. या नव्या गाड्यांच्या धुराच्या नळीत एक जाळी असते. काजळी तिच्यात साठते. गाडी चांगली तापून वेगात धावत राहिली की ती जास्तीचं डिझेल सोडून काजळी आपली आपण जाळते. "ती जाळून राहिली, की तुमी बंद केली. पुन्हा सुरू केली, पुन्हा जाळाया लागली, की तुमी पुन्हा बंद. ते न जळलेलं डिझेल जाईल कुठं? उतरलं तेलात. म्हनून तेल वाढलं. एकल्या आजच्यानं न्हाई झालं हे. घरी बी जवळजवळच्या फेऱ्या मारत असताल."

मारत होतेच. शेतातून पाला आणायचा, पाच मिनिटांत गाडी बंद. आणि वर रोज सकाळी दांडी. मी ज्या गाडीला इतकं जपत होते, तिला माझ्या जपण्यानेच आजारी पाडलं होतं. फार लाज वाटली, आणि खरं सांगायचं तर थोडा रागही आला, त्या पुस्तकाचा. हे त्यात होतंच, शेवटच्या पानांत, बारीक अक्षरांत. ते मी दोनदा वाचून सोडून दिलं होतं.

"आणि हे ओतू?" मी औंढ्याचा डबा दाखवला.

त्यांनी डबा फिरवून मागची बाजू वाचली. "न्हाई न्हाई. ह्याची राख लई. राख जाळीत बसली की ती जळत न्हाई, जाळीच बदलावी लागते. हे घरच्या ट्रॅक्टरला घाला." त्यांनी फोन करून गावातून योग्य तेल आणि फिल्टर मागवला. जुनं तेल खाली पातेल्यात पडलं ते काळं आणि खरंच पाण्यासारखं होतं. मी घड्याळ बघत उभी राहिले, दर पाच मिनिटांनी जाळी उचलून अळ्या बघत. त्यांच्या पत्नीने न सांगता ओली पोती आणून हौद्याच्या तळाशी अंथरली. अकरा दहाला गाडी तयार झाली. दिवा अजून चालूच होता.

"आता नीट ऐका," मिस्त्री म्हणाले. "चौथ्या गिअरात साठच्या खाली यायचं न्हाई. दिवा आपल्या आपन विझला पायजे. तवर थांबायचं न्हाई, कुनी बी हात केला तरी. या डावाला मधीच बंद केली अन दिवा लुकलुक कराया लागला, तर मंग गाडी माझ्या हातची न्हाई. उचलून न्यावी लागते."

हौद्यातल्या तापमानाचा आकडा माझ्यासमोर दिसेल अशी सोय मी केलेली आहे. सव्वीस होता. मी निघाले. आता मला दोन गोष्टी बघायच्या होत्या, दिवा आणि आकडा, आणि तिसरी म्हणजे रस्ता. दुतर्फा सोयाबीनचे ढीग, कडेला बैल, मधेच समोरून ट्रक. सत्तावीस. दिवा तसाच. जळका वास यायला लागला. अठ्ठावीस. नळी तापली की हौदा तापणार हे मिस्त्रींनी सांगितलं होतं, पण सांगितल्याने भीती कमी होत नाही. शिजवतेय की काय मी यांना! एकोणतीस.

तांड्याचं वळण दिसलं. वळणावर लाल लुगड्यातली बाई उभी होती, हात वर करून. शेवंताबाईच. मीच तिला फोनवर सांगितलं होतं, पांढरी गाडी, हिरवी जाळी. तिने ओळखलं. चेहऱ्यावर हसू आलं तेही मला दिसलं. दिवा विझला नव्हता.

मी काचेतून हात बाहेर काढून वेड्यासारखा हलवला, नाही नाही म्हणून, आणि तिच्या अंगावरून साठच्या वेगाने पुढे निघून गेले.

आरशात बघितलं. ती क्षणभर तशीच उभी. मग वाकली, नारळाएवढा दगड उचलला आणि माझ्या मागे धावत सुटली. मागच्या खेपेला एकाने अळ्या मारल्या, या खेपेला दुसरी डोळ्यांदेखत पळवून नेते आहे. तिच्या जागी मी असते तर मीही दगडच उचलला असता. मी काच वर केली. दाराची कडी लावली. वाहनं मध्ये आली, ती दिसेनाशी झाली.

कनेरगाव नाक्याचे ढाबे आले तेव्हा दिवा विझला. आवाज नाही, काही नाही, नुसता विझला. मी आणखी थोडं पुढे जाऊन, खात्री करून, गाडी वळवली. तिला फोन लावला. वाजला, उचलला नाही. पुन्हा लावला. अकरा बेचाळीस. आकडा तीसवरून खाली यायला लागला होता. तिथे तिचे मालक असतील, तांडा जमला असेल. मी काय सांगू? गाडी काजळी जाळत होती म्हणून थांबले नाही? हे कोणाला खरं वाटेल?

वळणाच्या दीडेक किलोमीटर आधीच ती दिसली. रस्त्याच्या कडेने माझ्याच दिशेने चालत येत होती. एकटी. चप्पल एकाच पायात. दगड अजून हातात. मी बऱ्याच अंतरावर गाडी थांबवली आणि आतच बसून राहिले.

ती आली. माझ्याकडे बघितलंही नाही. गाडीच्या पुढे वाकली आणि दगड चाकाखाली सारला, पायाने ठोकून घट्ट बसवला. मग सरळ झाली, दम घेत काचेवर टकटक केली.

"आता उतरा ताई. आता न्हाई जात कुठं."

मी काच खाली केली.

"बिरेक गेले ना?" ती म्हणाली. "मी वळखलंच. मानूस उगं असा हात हलवतंय व्हय? म्हनलं पुढं उतार हाये, कुठं तरी हळू व्हईल गाडी, तवा चाकाला दगड लावावा. पर तुमी लईच जोरात. मंग देवाला म्हनलं, अळ्या गेल्या तर जाऊ दे, बाई तेवढी वाचू दे."

मी उतरले आणि तिथे रस्त्यावरच रडले. तिला वाटलं घाबरल्यामुळे. तिने माझी पाठ चोळली.

दिवा, काजळी, तेल, सगळं मी तिला तांड्यापर्यंत जाताना सांगितलं. तिला ते लगेच कळलं. "म्हंजी आमच्या चुलीच्या धुराड्यावानीच की," ती म्हणाली. बाराला सहा मिनिटं असताना आम्ही ट्रे उतरवायला लागलो. नळीच्या वरच्या कोपऱ्यातला एक ट्रे गेला होता. अळ्या काळपट, मऊ. मी तो तिच्यासमोर धरला. तिचे मालक मागे उभे होते. तिने ट्रे घेऊन बाजूला ठेवला आणि म्हणाली, "एकच ना. बाकीच्या बघा कशा मान हलवून राहिल्यात." बारीक चिरलेला पाला टाकला. काही वेळाने शेडमध्ये खाण्याचा आवाज सुरू झाला, भुरभुर पावसासारखा. मालक तो ऐकत थोडा वेळ उभे राहिले आणि आणखी पाला कापायला गेले.

जेवायला ज्वारीची भाकरी, तुरीचं घट्ट वरण, लाल मिरचीचा ठेचा. तिच्या टाचेला हळद लावलेली होती. वाढता वाढता तिने सहज विचारलं, "तुमी काच काहून लावून घेतली होती वो? मी दगड घेऊन आले तवा?"

"धूळ येत होती," मी म्हणाले.

परतीच्या वाटेवर मी एकदाही दांडी बघितली नाही. जिंतूर, मंठा, परतूर, सगळं सरळ मागे टाकत आले. घरी नवऱ्याने सगळं विचारून घेतलं. तेलाचं, मिस्त्रींचं, मेलेल्या ट्रेचं. दोनदा हसला, आणि दगडाची गोष्ट पुन्हा एकदा सांगायला लावली. काचेचं मी त्यालाही सांगितलं नाही. तो रस्ता नवा, डांबरी, स्वच्छ आहे. त्या वेळी तिथे धूळ अजिबात नव्हती.