चुलीवरच्या टोपलीतला ट्रान्झिस्टर

थळच्या कोळीवाड्यातल्या मावशीचं सांगायचंय, पण आधी दोन शब्द माझे. माझं गाव दूर गोदाकाठी, शाळा सातवीतच सुटलेली. अलिबागेत ज्या दुकानात रेडिओदुरुस्ती शिकत होतो ते बंद झालं, तेव्हा नात्याची ना गोत्याची अशा या बाईने मला ओटीवर जागा दिली, ताटात मासा वाढला.

त्या सकाळी तिचा लेक होडी लोटायला निघाला. आकाश स्वच्छ, पण पाणी तळातून ढवळलेलं. मावशी वाट अडवून उभी राहिली.

"हवामानाची खबर ऐकून जा."

"तुझा रेडिओ घोगरा झालाय, आये. बोलला तर थांबतो, न्हाय तर निघालो. भरती माझ्यासाठी थांबते व्हय?"

तिने रेडिओ माझ्या मांडीवर ठेवला. "तू शिकलायस ना? बोलव त्याला."

सेल बदलले, तारा हलवल्या. नुसती फाटकी घरघर. बाहेर होडीखाली ओंडके सरकवल्याचा आवाज येत होता आणि मी आतला एकेक भाग चाचपत होतो. इतक्यात आतल्या ट्रान्झिस्टरच्या धातूच्या टोपीला बोट लागलं. चटका! मघापासूनची ऊब मला माझ्याच घामेजल्या हातांची वाटली होती.

"मावशी, कुठं ठेवला होतास हा?"

"चुलीवर टांगलेल्या टोपलीत, सुक्या बोंबलांशेजारी. खारं वारं लागू नये म्हनून."

दुकानात ऐकलेलं आठवलं. ट्रान्झिस्टर म्हणजे जर्मेनियम नावाच्या पदार्थाचे तीन थर. कडेचे दोन एका जातीचे, मधला उलट्या जातीचा, अगदी पातळ. त्यांचे तीन पाय: एमिटर, बेस, कलेक्टर. मधल्या बेसला चिमूटभर प्रवाह दिला, की बाकीच्या दोघांमधून कितीतरी पट वाहतो, बेस सांगेल तसा कमीजास्त; त्यानेच रेडिओचा बारीक आवाज मोठा होतो. पण जर्मेनियम तापलं, की बेसने न सांगताच प्रवाह वाहू लागतो, त्याने ते आणखी तापतं. मग आवाज कसला नि काय. जळलाच असेल, तर नवा इथे कुठून आणणार?

सेल काढले आणि उघडा रेडिओ पाण्याच्या माठाजवळ धरून बसलो.

"दुरुस्ती करतोस की पूजा?" लेक दारातून ओरडला. मावशीने त्याचा सदरा धरून ठेवला होता.

निवल्यावर सेल घातले. खरखर झाली. मग माणसाचा आवाज आला: किनाऱ्यावर वादळी वारे, मच्छिमारांनी समुद्रात जाऊ नये.

लेक होडी वर ओढायला गेला. मावशीने ताट पुढे ओढलं. म्हणाली, "तू जेवलास का रं?" मी ताटापुढे बसलो.

मावशी, अजून माझं स्वतःचं दुकान नाही. होईल तेव्हा तिथला पहिला रेडिओ तुझ्या ओटीवर आणून ठेवीन, आणि चुलीपासून लांब त्याची खुंटीही मीच ठोकीन.