न पाहिलेला सिलिंडर

"रक्त काळं दिसतंय! ऑक्सिजन चालू आहे का? अहो, तुम्हाला विचारतेय मी!"

मॅडमचा आवाज असा, की खिडकीवरची कबुतरं उडाली ती कामठीपर्यंत कुठे टेकली नसतील. मॅडम म्हणजे आमच्या बाळंतपणाच्या दवाखान्यातल्या मुख्य सर्जन. त्यांच्यासमोर टेबलावर उमरेडची एक विणकरीण, पहिलटकरीण, सिझेरियनला घेतलेली. तिच्या उशाशी स्टुलावर मी, भूल देणारा डॉक्टर. मॅडम आता हयात नाहीत. असत्या तर हे लिहायची माझी छाती झाली नसती.

ऐंशीच्या आसपासची गोष्ट. कंबरेत सुई देऊन खालचं अंग बधिर करायची पद्धत मला फार प्रिय होती, आणि त्याचं खरं कारण वैद्यकीय नव्हतं. बाई पूर्ण जागी असते, उठून जाऊ शकत नाही, आणि तोंडावर ऑक्सिजनचा मास्क असल्यामुळे मधे तोंडही घालू शकत नाही. माझ्यासारख्या गप्पिष्टाला असा श्रोता सात जन्मांत मिळायचा नाही. अर्ध्या विदर्भातल्या बाया माझ्या थापा ऐकत बाळंत झाल्या आहेत.

त्या दिवशी मास्क जवळ आणला तशी ती घाबरली. "हा तं मरणाऱ्या माणसाले लावतात. मी मरून राहिली का, डॉक्टरसाहेब?"

"तुझ्यासाठी नाही वं माय, तुझ्या पोट्ट्यासाठी आहे. तू हवा घ्यायची, रक्तातून ती त्याच्यापर्यंत जाते. तू नुसती पोस्टमन."

ती हसली. मी मास्क बसवला आणि उमरेड रस्त्यावरच्या वाघाची गोष्ट काढली. माझी स्कूटर पाहून त्या वाघाने मला साइड दिली होती, हात दाखवून. मे महिन्याची दुपार, कूलर गार हवेऐवजी नुसता आवाज फेकत होता, त्यामुळे मी आणखी वरच्या पट्टीत. वाघ हात दाखवतो तिथे बाईने मान हलवली आणि मास्क ओढायला लागली. मला वाटलं, वाघ जरा जास्त झाला. मी मास्क पुन्हा नीट दाबून बसवला आणि वाघाला पुढे नेलं.

तेवढ्यात मॅडम ओरडल्या. मी सिलिंडरकडे पाहिलं. काटा शून्यावर. बाई मघाशी मला हेच सांगत होती, की यातून हवा येत नाही.

"मामा! दुसरा सिलिंडर!"

मामा म्हणजे आमचे थिएटरमधले मदतनीस. माझ्याहून दहा वर्षांनी मोठे, रोज कामठीहून सायकलने यायचे. पाठीमागच्या व्हरांड्यातून त्यांनी स्वतःपेक्षा उंच सिलिंडर तिरपा करून, गोल फिरवत, पळत आणला. हे मात्र मी वाढवून सांगत नाही, खरंच पळत. किल्ली फिरली, सूं आवाज आला. तोवर मॅडमनी पोरगं बाहेर काढलं होतं. निळसर, गप्प. मी आयुष्यभर सगळं चौपट करून सांगत आलो, पण ती शांतता मला वाढवताही येत नाही आणि कमीही करता येत नाही. मग ते रडलं. आईचा रंगही परत आला. दोघं सुखरूप.

हात धुता धुता मॅडमनी विचारलं, "रिकामा सिलिंडर कोणी लावला?"

लावला मामांनीच होता, कारण सिलिंडर आणून लावायचं काम त्यांचं. पण केस सुरू व्हायच्या आधी किल्ली फिरवून काटा पाहायचं काम माझं. आणि त्या सकाळी मामा मला म्हणाले होते, "साहेब, हा कालचाच हाय. मले भरवसा नाही. एक डाव पाहून घ्या." मी तेव्हा नर्सबाईंना वेगळीच थाप मारत होतो, अगदी रंगात आलो होतो. मान न वळवता म्हणालो, "पाहिला, पाहिला!"

मॅडमच्या प्रश्नावर मामांनी माझ्याकडे एकदा पाहिलं. मी एका बाटलीवरचं लेबल वाचायला घेतलं, जणू त्यावर माझी कुंडली छापली होती. मामा काहीच बोलले नाहीत. मीही नाही. ज्याचं तोंड मे महिन्याच्या उन्हात सुकत नाही, तो मी!

मामा रोजंदारीवर होते. त्यांना कायम करायचा कागद मॅडमच्या टेबलावर सहीसाठी पडला होता. त्या कागदावर सही झाली नाही. त्यांना थिएटरमधून काढून धुलाईखान्यात धाडलं.

मी? मी त्या दुपारची गोष्ट केली. लग्नाच्या पंगतीत, क्लबात, ट्रेनमध्ये सांगितली. माझ्या गोष्टीत सिलिंडर मीच खांद्यावर टाकून आणायचो. काही वर्षांनी तर दोन सिलिंडर झाले होते.

आताची तरुण भूलतज्ज्ञ मंडळी मला सांगतात, सर, धडधाकट आई जागी असेल तर साध्या हवेवरही तिचं आणि बाळाचं बहुतेक भागतं, तो जास्तीचा ऑक्सिजन वाटतो तेवढा काही लागत नाही. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी असा खूश झालो, की सगळ्यांना समोसे मागवले. वाटलं, सुटलो! समोसा अर्धा खाल्ला आणि मामा आठवले. त्यांना त्या ऑक्सिजनने कुठे काय केलं होतं? त्यांचं वाटोळं माझ्या गप्प बसण्यानं झालं होतं.

तसा मी एकदा बोललो होतो. त्या केसनंतर दोनेक महिन्यांनी धुलाईखान्यात गेलो. कागद अजून मॅडमच्या टेबलावरच होता, हे मला माहीत होतं. मामा चादरी पिळत होते. मशीनच्या खडखडाटात, दुसरं कोणी ऐकत नाही हे पाहून, मी म्हणालो, "मामा, चूक माझी होती. मी काटा पाहिला नव्हता."

मामांनी चादर झटकली, दोरीवर टाकली, तिची टोकं सारखी केली.

"मले तं माहीतच हाय, साहेब. म्याडमले सांगा."