अक्पेनेचे काक्लो आणि हृदयाच्या चित्राचा डबा

अक्पेनेचा आवाज असा, की काक्लो तयार झाल्याचं समुद्रात जाळं टाकून बसलेल्यांनाही कळावं. केटा गावच्या किनाऱ्यावर तिची कढई पहाटेच चढायची. कसाव्याचा कंद किसायचा, फडक्यात घट्ट पिळायचा, कांदा-मीठ घालून गोळे वळायचे आणि खोबरेलात खरपूस तळायचे. सोबत ओल्या खोबऱ्याचा तुकडा. काक्लोबद्दल तिला कुणी शिकवलेलं खपत नसे, आणि खरं सांगायचं तर इतर कशाबद्दलही नाही.

तिचा सगळा जीव मात्र नवऱ्यात, अग्बेकोत. चांगला धिप्पाड कोळी, पण होडी वाळूवर ओढताना एकदा छाती धरून मटकन खाली बसला. दवाखान्यात डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, तेलकट कमी करा म्हणून बजावलं. अग्बेकोने शहाण्यासारखी मान डोलावली आणि घरी आल्या आल्या काक्लो मागितले.

त्याच सुमारास रेडिओवर कुणी डॉक्टर सांगत होते, की खोबरेल, पामतेल, जनावराची चरबी हृदयाला बरी नव्हे. हरमॅटनचा कोरडा गार वारा सुटला होता आणि अक्पेनेच्या बाटलीतलं खोबरेल पांढरंफटक गोठलं होतं. ती त्या बाटलीकडे बघतच राहिली. हेच माझ्या माणसाच्या छातीत जाऊन बसलंय, याबद्दल तिला शंकाच उरली नाही. तिने घरातलं सगळं खोबरेल शेजारणींना केसांना लावायला वाटून टाकलं आणि दुकानातून वनस्पती तुपाचा मोठा डबा आणला. डब्यावर लालचुटुक हृदयाचं चित्र होतं आणि रेडिओने त्याचं नाव घेतलं नव्हतं. अक्पेनेला एवढा पुरावा पुरेसा होता.

अग्बेकोने डब्यात बोट घालून पाहिलं. “अगं, हे तर उन्हातसुद्धा गोठलेलंच!”

“ते वनस्पतीचं आहे. चित्र बघ की!”

“आणि नारळ काय बकरीला लागतो?”

“खायचं तर खा, नाहीतर ऊठ!”

त्याने खाल्लं. टाळूला मेणासारखा थर बसला. गिऱ्हाईकंही कुरकुरली, पण अक्पेने हटायला तयार नव्हती. किनाऱ्याच्या दुसऱ्या टोकाला डेलाली अजून खोबरेलातच तळत होती. तिच्याकडे बोट दाखवून अक्पेने भर बाजारात ओरडली, “ती बघा, नवरे मारायचं तेल!” डेलालीने वर पाहिलं आणि ती पुन्हा काक्लो उलटायला लागली.

मग एका सकाळी अग्बेको घरी आला तो मिशीला खोबरेलाचा खमंग वास घेऊन. अक्पेनेच्या नाकाने चोरी तिथल्या तिथे पकडली.

“डेलालीकडे गेला होतास! मला विधवा करायला निघालास, तेही तिच्या हातचं खाऊन?”

“अगं, एकच...”

“चल दवाखान्यात!”

डोक्यावर डबा, एका हातात शेजारणीकडून परत आणलेली, तळाशी थोडं खोबरेल उरलेली बाटली, दुसऱ्या हातात नवऱ्याचं मनगट, अशी ती भावाच्या मुलीकडे जाऊन थडकली. एसिनाम तिथे नर्स होती.

“हे बघ पोरी, याला सांग, कुठलं खायचं!”

एसिनामने डब्यावरची बारीक अक्षरं वाचली आणि तिचा चेहरा उतरला. “आत्या, पातळ तेल कारखान्यात मुद्दाम घट्ट करून हे बनवतात. त्यात ट्रान्स फॅट असतं. खोबरेलाने रक्तातलं वाईट कोलेस्टेरॉल वाढतं. याने तेही वाढतं, वर चांगलं कमी होतं. दोन्हींत हेच जास्त वाईट. चित्रावर जाऊ नकोस.”

“म्हणजे चोरून खाल्लं म्हणून वाचलो!” अग्बेको टाळी वाजवत उठला.

“बसा खाली, मामा! खोबरेल म्हणजे औषध नाही. तेही बेतानंच. रोज उकडलेली मासळी खा. आणि आत्या, तेच तेल पुन्हा पुन्हा तापवायचं नाही.”

अक्पेनेला काही ऐकू येत नव्हतं. ज्याला वाचवायला निघालो, त्याच्याच ताटात आपण हाताने हे वाढलं, या विचाराने तिला रडू कोसळलं. अग्बेकोने टाळ्या थांबवल्या आणि तिचा डबा उचलला. घरी जाताना होडी ओढायच्या ओंडक्यांना त्याने ते सगळं तूप चोपडून टाकलं.

संध्याकाळी अक्पेने डेलालीच्या कढईपाशी उभी राहिली. आवाज तोच, भर बाजाराला ऐकू जाणारा.

“ऐका सगळ्यांनी! मी चुकले! वाईट माझाच डबा होता, डेलालीला उगाच बोलले!” मग हळूच म्हणाली, “डेलाली, उद्यापुरतं खोबरेल देशील?”

डेलालीने बाटली भरून दिली. “तुझा नवरा रोज यायचा, जाताना मिशी धुऊन जायचा. टोपलीभर मागायचा. दोनाच्या वर एक दिला नाही मी. छाती धरून बसला तेव्हा मीही तिथेच होते ना, होडीपाशी.”

अक्पेनेने डेलालीचा तेलकट हात दोन्ही हातांत धरून ठेवला.

“मग तेव्हाच मला का नाही सांगितलंस, बाई?”

“तू बोलायची थांबलीस कधी?”

दुसऱ्या दिवशी अग्बेकोने बायकोसमोर ताटली धरली. तिने आधी किनाऱ्याच्या त्या टोकाकडे पाहून हाक मारली, “डेलाली, किती?” तिकडून एक बोट वर झालं. अक्पेनेने त्याच्या ताटलीत एकच काक्लो ठेवला.