मोटर काढल्याला माग

भूत, करणी, अंगात येणं… ह्यातलं मी काय बी मानत न्हाय. जल्म मागावर गेला, भूत बघाय सवड कुठनं मिळणार? पण जे झालं ते सांगतीया. मला लिवता येत न्हाय, नात मोबाईलवर टाईप करतीया.

आमचं घर बेळगावात, वडगावला. साड्या इनणारी माणसं आमी. गल्लीत घराला घर चिकटून. हिकडं कोण खोकलं तरी पलीकडं कळतंय. म्हून घरात भांडण लागलं की आमचे मालक गुमान उठायचे आन माग चालू करायचे. खटक-खटक, खटक-खटक… मग कोण कुणाला काय बोललं, बाहेर काय बी जायाचं न्हाय. सासू मला बोलायची तवा बी त्येच. मी रडायची तवा बी त्येच.

शेजारची गंगव्वा म्हणायची, "आक्का, तुमचे मालक लई राबत्यात बगा."

मी म्हणायची, "व्हय, लई."

गेल्या साली मालक, पोरांचे अप्पा, गेले. माग बंद पडला. थोरला पोरगा परशा उद्यमबागेत कारखान्यात कामाला जातोय, धाकटा बाळू रिक्षा फिरवतोय. दोघांनी ठरीवलं, माग भंगारात घालायचा आन मधी भीत घालून घर वाटून घ्यायचं. मोटर आधीच काढून इकली. भांडी वाटली, पत्रं वाटलं, देव्हाऱ्यातलं देव बी वाटलं. ऱ्हायली मी.

आयतवारी दुपारी चा पिऊन दोघं मागाच्या खोलीत उभं ऱ्हायलं. माझी खाट तितंच, मागाला लागून. मी पडल्याली. त्यास्नी वाटलं झोपलीया.

"अण्णा, तू थोरला. आईला तू ने."

"थोरला म्हून सगळं माझ्याच गळ्यात व्हय रं? अप्पांनी रिक्षा कुणाला घिऊन दिली?"

"मग आता उघडच सांगतो. आई मला—"

खटक.

मागावरचा सुताचा धोटा ह्या टोकाचा त्या टोकाला गेला. मग परत आला. मग जे चालू झाला… पायाखालची फरशी हादराय लागली, कपातला चा सांडला. बाळू टुणकन माझ्या खाटंवर चढला.

परशा वरडला, "करंट गेलाय की रं सकाळधरनं!"

"मोटरच न्हाय, करंटचं काय घिऊन बसलास!"

दोघं गप झाली. माग गप.

परशा तसा धीराचा. हळूच म्हणाला, "मी काय म्हणतोय, आई—"

खटक-खटक, खटक-खटक!

"अण्णा, गप की रं… अप्पा हायत."

"मग बाहेर चल. रस्त्यावर भांडू."

"गल्ली ऐकंल की!"

त्येच तर. रस्त्यावर काय जाता आलं न्हाय.

दुसऱ्या दिशी सकाळीच भंगारवाला बोलावला. माणसांनी माग सुटा केला, टेंपोत घातला. खाली नुसतं तेलाचं डाग आन बोल्टाची भोकं ऱ्हायली. पोरांची तोंडं उजळली. लगेच टेप आणून भितीचं माप घ्याय लागली. मी दारात बसल्याली, मला बघून बी न बघितल्यागत.

बाळू म्हणाला, "हां, आता बोल अण्णा. आईचं काय?"

"खरं सांगू? आई मला—"

मोकळ्या फरशीतनं आवाज आला. खटक-खटक, खटक-खटक… त्योच. बाळूच्या हातातली टेप सुटून सर्रकन आत गेली. परशा नुसता तोंड हलवत हुता, शबूद एक ऐकू येत न्हवता.

पलीकडनं गंगव्वानं हाळी दिली, "आक्का, माग परत सुरू केला व्हय? बरं झालं बाई!"

म्या म्हणलं, "व्हय."

मग भीत काय झाली न्हाय. माझी खाट आता माग हुता तितंच टाकलीया. सकाळची भाकरी थोरल्या सुनंकडनं येतीया, रातची धाकटीकडनं. मायेनं येतीया का भ्यानं, म्या इचारलं न्हाय. ह्या वयात भाकरी गरम असली म्हंजे झालं.

काय वाजलं, कसं वाजलं, मला आजून कळल्यालं न्हाय. तुमच्यातल्या कुणाला कळलं तर सांगा. माझी पोरं त्या दोन दिशी "आई मला" म्हणून फुडं काय म्हणणार हुती, ते बी माझ्या कानावर आजून आल्यालं न्हाय.

ते मातूर सांगू नगा.