उजव्या हाताचा प्रसाद

मुलांनो, गुडघ्याच्या व्यायामासाठी मी नाशिकमधल्याच एका दवाखान्यात जाते. तिथे काल देवळा गावची एक बाई शेजारी बसली होती. अर्धांगवायूने तिचा उजवा हात लुळा पडलेला. मधूनमधून ती डाव्या हाताने त्याची मुडपलेली बोटे उलगडी आणि पुन्हा पदराखाली झाकी.

तुम्ही पाठवलेली बातमी मी तिला उत्साहाने सांगितली. वीज मिळताच स्नायूंसारखे आखडणारे आणि सैलावणारे प्लास्टिक निघाले आहे, त्याच्या जोरावर असे हात पुन्हा उचलता येतील.

"कधी मिळंल, मावशी?"

"अजून प्रयोगच चाललेत."

"मंग तवर ह्याला सांगते, दम धर," लुळ्या हाताकडे बघत ती हसली.

मग तिने डाव्या हाताने वणीच्या देवीचा पेढा पुढे केला. प्रसाद, आणि डाव्या हाताने. माझा हात पुढे झालाच नाही. तिने ते ओळखले. पेढा लुळ्या तळव्यावर ठेवून तिने तो हात डाव्या हाताने उचलला आणि माझ्यासमोर धरला.

"घ्या. लय येळ नाय धरता येत."

मी पेढा घेतला, पण मान वर करवली नाही. नव्या स्नायूंचे एवढे कौतुक सांगणाऱ्या मला तिचा चालता हात चालला नव्हता.