नीट बसतो ना?

दर्शनाच्या पायाला भिंगरी लहानपणापासूनचीच. भांडुपच्या चाळीत ती जेवणाचं ताट हातात घेऊन फिरायची आणि तिची आई जानकीबाई ओरडायची, "बस गो एका जाग्यार!" चाळिशी उलटली तरी भिंगरी सुटली नाही. आणि नोकरी बघा कसली मिळाली! कांजूरमार्गच्या एका कंपनीत मोठ्या माणसांचे डायपर बेतायची. कुणी विचारलं, "काय करतेस?" की ती ठणकावून सांगायची, "डायपर शिवते." ते काही कुणी शिवत नाही, मशीनवर चिकटवतात. पण समोरच्याचा चेहरा बघायला तिला मजा यायची.

यंदा ती मजा पार गेली. जानकीबाई म्हणजे महिला भजनी मंडळाचा मुख्य आवाज, आणि त्यांनी मंडळात जाणंच बंद केलं. "गुडघे दुखतत," म्हणायच्या. गुडघे ठणठणीत होते. वरचा सूर लावला की लघवी सुटायची, आणि एकदा तर सतरंजी भिजली. कुणाला कळलं नाही, पण त्यांना कळलं ना! मग भजनाच्या दिवशी त्या सकाळपासून पाण्याचा घोट घेईनाशा झाल्या. घसा कोरडा पडून आवाज फाटायला लागला, तेव्हा टाळ कपाटात गेले.

हे दर्शनाला कळायलाही उशीरच झाला. आईची दया आली, त्याहून जास्त स्वतःचा राग आला. जगाला डायपर पुरवते आणि घरात आई तहानलेली! तिने लगेच स्वतः बेतलेला डायपर आणला. पातळ, कापडासारखा मऊ, चालताना न करकरणारा. चाचणीसाठी घेतलेल्या बायकांना तिने फोनवर विचारलं होतं, "नीट बसतो ना?" सगळ्यांनी सांगितलं होतं, "हो, मस्त बसतो."

जानकीबाईंनी तो घातला, बाहेर येऊन जमिनीवर मांडी घातली आणि लेकीकडे बघून म्हणाल्या, "उभ्यान बसता गो. बसलंय काय बसणा नाय."

दर्शना फिसकन हसली आणि हसता हसताच तिला आपली चूक उमगली. नीट बसतो का म्हटल्यावर बाई न्हाणीघरात उभ्या उभ्या बघून हो म्हणणारच. मांडी घालून बघा, असं तिने तरी कुठे सांगितलं होतं? कंपनीत ज्यावर डायपर चढवून बघतात तो पुतळासुद्धा उभा, नाहीतर आडवा.

दुसऱ्या दिवशी ती कपड्यांवरूनच डायपर चढवून ऑफिसात फरशीवर बसली. तिचा साहेब चैतन्य दारातच थबकला.

"काय गं, योगा क्लास काढलास काय इथे?"

"बघ ना, मांडी घातली की जांघेतलं इलॅस्टिक सुटतं. पुढे चुणी पडते, मागचं खाली सरकतं. सगळं बाजूने बाहेर."

"अगं यार, आपलं गिऱ्हाईक बेडवर असतं."

"बसता येत नाही म्हणून झोपलंय ते! आपणच झोपवलंय."

"मशीनचा साचा बदलणार नाही हां, आधीच सांगतो."

"नको बदलू. मी हाताने करते."

मग काय, बाईला चैन नाही. कापायचं, चिकटवायचं, लघवीऐवजी मिठाचं पाणी ओतायचं, मांडी घालायची, उठायचं, चिडून फेकून द्यायचं. मधला भाग अरुंद केला, इलॅस्टिक पुढे वळवलं, पाठ उंच घेतली. भाजी फोडणीला टाकता टाकता तिला नवीन काहीतरी सुचायचं आणि भाजी करपायची. जानकीबाईंचे शेरे सुरूच होते. "चिमटता." "टोचता." "फुगता गो, साडीतसून दिसता." एकदा मात्र त्या मांडी घालून बसल्या आणि शेरा न मारता तांदूळ निवडायला लागल्या.

"काय झालं आये?"

"काय नाय. बसता."

मंडळाच्या वार्षिक भजनाला त्यांनी कपाटातले टाळ काढले. दर्शना देवळाच्या दाराशी उभी राहिली. पिशवीत जादा साडी, शाल. अभंग कुठला चाललाय, तिला पत्ता नव्हता. आईचा आवाज वर चढला की ही पिशवी घट्ट धरायची. ती दारातून खांबाकडे जायची, खांबाकडून पुन्हा दारात यायची.

चहासाठी भजन थांबलं. बायका भराभर उठल्या. जानकीबाई उठल्या नाहीत.

वाट लागली, दर्शनाच्या मनात आलं. आता ही पुन्हा कधीच येणार नाही. ती धावत गेली आणि शाल उलगडून आईच्या कानाशी वाकली. "आये, उठू नको. मी आडोसा धरते."

जानकीबाई तिच्याकडे बघतच राहिल्या. "शाल कित्याक? माका चाय नको. गवळण ऱ्हवली हा अजून. जा, पाणी हाड."

दर्शनाने तांब्या आणून दिला. जानकीबाईंनी सगळ्या बायकांदेखत तांब्या तोंडाला लावला, घटाघटा तळापर्यंत रिकामा केला आणि पदराने तोंड पुसलं. मग शेजारी सतरंजीवर हात आपटून म्हणाल्या, "आता तरी बस."